अप्परवाल्या शहाण्यांस

जानेवारी आला की रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, थंडीत कुडकुडणाऱ्या पोरांना घोषणा देत गावभर फिरवून आणतात, आणि मग मंडपात कुणीतरी पाहुणा उभा राहून ट्रक ड्रायव्हरांना झोडपतो. पाहुणा दरवर्षी बदलतो, भाषण बदलत नाही. पण मागच्या एका खेपेला नाकाडोंगरीत आलेल्या पाहुण्यांनी नवा मुद्दा काढला. दारू, झोप, ओव्हरलोड हे नेहमीचं आटोपल्यावर ते म्हणाले, "आणि या लोकांनी दिव्यांची आपली वेगळीच भाषा काढली आहे. उजवा इंडिकेटर लावतात आणि वळतच नाहीत! समोरून डिपर मारून धमकावतात. कुठल्या पुस्तकात आहे हे? नियम शिकायचे नाहीत आणि असले अडाणी उद्योग करायचे." टाळ्या पडल्या. सवयीने मीही दोन वाजवल्या.

त्याच संध्याकाळी मी मोटारसायकलवर तुमसरकडे निघालो होतो. मागून एक पांढरी मोठी गाडी आली. सगळे दिवे अप्परवर, माझ्या आरशात जणू दुसरा सूर्य. मला रस्ता दिसेना, समोरून येणाऱ्याला मी दिसत असेन की नाही कोण जाणे. शेवटी मुरमावर खाली उतरलो आणि उभा राहिलो. गाडी झपकन पुढे गेली, तेव्हा मागच्या काचेतून सत्काराचा गुच्छ दिसला. तोच गुच्छ, तेच पाहुणे. मंडपातल्या त्या दोन टाळ्या परत घ्यायची सोय नाही, म्हणून हे लिहितो आहे.

हे मत एकट्या पाहुण्यांचं असतं तर सोडून दिलं असतं. पण कार चालवणाऱ्या सुशिक्षित माणसाशी पाच मिनिटं रस्त्याबद्दल बोला, हेच निघतं. नियम पुस्तकात असतात, ट्रकवाला पुस्तक वाचत नाही, म्हणजे त्याला नियम माहीत नाहीत. इंडिकेटरचा अर्थ एकच, वळणे. डिपर मारणे म्हणजे उद्धटपणा. या लोकांना दंड करा, वर्गात बसवा, आणि ते सुधारेपर्यंत आपण जीव मुठीत धरून गाडी चालवू. ऐकायला किती नीटनेटकं आहे! अडचण एकच. अंधार पडल्यावर नाकाडोंगरीच्या रस्त्यावर हे मत एक किलोमीटरही चालत नाही.

ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुमसरहून गोबरवाही, नाकाडोंगरी करत तो बावनथडी नदी ओलांडतो आणि मध्य प्रदेशात कटंगीकडे जातो. एका हाताला चिखल्याची खाण, एका हाताला डोंगरी बुजुर्गची. दोन्ही मॉईल कंपनीच्या, दोन्ही मँगनीजच्या. मधे जंगल. नाकाडोंगरी हे वनपरिक्षेत्राचं गाव, त्यामुळे रात्री रस्त्यावर रानडुक्कर आलं, चितळ आलं, तर त्यात कुणाला नवल नाही. पेंच आणि नागझिऱ्याच्या मधला हा मुलूख, तेव्हा पट्टेवाल्या वाघाचीही ये-जा असते. धानाच्या हंगामात बैलबंड्या, महाशिवरात्रीला गायमुखच्या जत्रेला पायी निघालेली माणसं, तुमसरच्या गिरण्यांचा तांदूळ, खाणीचं खनिज, नदीची वाळू, सगळं याच आडव्या-उभ्या रस्त्यांवरून जातं. दुभाजक नाही, खांबावर दिवा नाही. इथे दोन वाहनांनी एकमेकांशी बोलायचं तर कशाने बोलायचं? हॉर्न समोरच्याला इंजिनाच्या घरघरीत ऐकू जात नाही. हात दिसत नाही. राहतो तो दिवा.

आणि गंमत पाहा. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये वापरतात. टॉर्चच्या सेलला लागणारा माल ज्या मातीतून निघतो, तिथल्या माणसांना उजेड कसा वापरावा हे बाहेरच्या पाहुण्यांनी येऊन शिकवायचं!

आता त्यांचा पहिला आक्षेप घेऊ, "कुठल्या पुस्तकात आहे हे?" उत्तर देणं मला फार आवडतं, कारण ते पुस्तकात आहे. 1989 साली केंद्र सरकारने रस्त्यावरच्या वर्तनाची एक नियमावली काढली, 'रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स'. त्यात ड्रायव्हरने हाताने करायचे इशारे सांगितले होते. वेग कमी करताना हात असा, थांबताना तसा, उजवीकडे वळताना आडवा, डावीकडे वळताना गोल फिरवायचा. ही चार सगळ्यांना आठवतात. पाचवा इशारा कुणाला आठवत नाही. मागच्या वाहनाने आपल्याला ओलांडून पुढे जावं असं ड्रायव्हरला वाटत असेल, तर त्याने उजवा हात खिडकीबाहेर आडवा काढून पुढे-मागे अर्धवर्तुळात हलवावा. पुन्हा वाचा. मागच्याला 'ये, जा पुढे' म्हणणं हा ट्रकवाल्याने काढलेला उद्योग नाही, सरकारने छापलेला इशारा आहे. आणि तो कुठल्या बाजूने करायचा? उजव्या.

आता मूळ कायद्याने काय केलं ते बघा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं 121 वं कलम सांगतं की उजवीकडे-डावीकडे वळण्याचा आणि थांबण्याचा इशारा यांत्रिक किंवा विजेच्या साधनाने दिला तरी चालेल. वळायला दिवा मिळाला, थांबायला दिवा मिळाला. 'पुढे जा' म्हणायला दिवा मिळाला नाही, तिथे हातच राहिला. आता श्रावणातल्या पावसात, रात्री अकरा वाजता, गोबरवाहीच्या पुढच्या अंधारात हा हात कुणाला दिसणार होता? दिल्लीत कागद लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही. ट्रकवाल्याला पडला, कारण त्याच्या मागे चार गाड्या अडकलेल्या होत्या. त्याने सरळ हिशोब केला. हात उजवा, तर दिवाही उजवा. हात पुढे-मागे हलवायचा, तर दिवा दोन-तीनदा उघड-मीट करायचा. अडाणी म्हणतात ते याला? कायद्यात राहिलेलं भोक ज्याने स्वतःच्या डोक्याने बुजवलं त्याला अडाणी म्हणायचं, आणि ज्याने नियमावली उघडूनही पाहिली नाही त्याला गुच्छ द्यायचा, हा कुठला न्याय? 2017 मध्ये त्या नियमावलीच्या जागी नवी आली. पण तोवर 28 वर्षं हा इशारा कागदावर होता, आणि त्या 28 वर्षांत लायसन काढलेल्या माझ्या पिढीतल्या किती कारवाल्यांना तो करता येतो? मी विचारून पाहिलं आहे. लोक हात हलवून टाटा करतात.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. एकाच दिव्याचे दोन अर्थ कसे चालतील? उजवा इंडिकेटर म्हणजे 'मी उजवीकडे वळतो' आणि उजवा इंडिकेटर म्हणजे 'तू उजवीकडून पुढे जा', हे तर एकमेकांच्या नरडीवर उठणारे अर्थ झाले! खरं सांगायचं तर दोन नाहीत, तीन आहेत. रात्री समोरून येणारा ट्रकही उजवा इंडिकेटर लावतो. तो वळतही नसतो आणि कुणाला बोलावतही नसतो. तो आपली कड दाखवत असतो, की माझं अंग इथपर्यंत आहे, तू तुझ्या बाजूला राहा. अंधारात दोन हेडलाइट दिसतात, पण त्यांच्या बाहेर फाळका किती आला आहे, ताडपत्री कुठवर फुगली आहे, हे कळत नाही. तो पिवळा ठिपका ते सांगतो.

पण शब्दाला दोन अर्थ असले की भाषा बुडते, हे मराठी माणसाने म्हणावं? आपण कुणाच्या घरून निघताना उंबऱ्यात उभं राहून काय म्हणतो? "येतो." चाललेला माणूस 'येतो' म्हणतो आणि घरातलं शेंबडं पोरही समजतं की हा निघाला. कुणी खुर्ची पुढे करत नाही. का? कारण त्याच्या पायात चप्पल असते, पिशवी हातात असते, तोंड दाराकडे असतं. अर्थ नुसत्या शब्दात नसतो, तो माणूस कसा उभा आहे त्यातही असतो.

ट्रकचंही तेच. वळणारा ट्रक आधी मधे येतो, त्याचा वेग पडतो, मागचे लाल ब्रेकलाइट पेटतात, आणि उजव्या हाताला काहीतरी असतं : फाटा, पंप, ढाबा, खाणीकडे जाणारा रस्ता. दिवा वळेपर्यंत चालूच राहतो. साईड देणारा ट्रक डावीकडे सरकतो, डावी चाकं कडेच्या मुरमाला लावतो, वेग तोच ठेवतो, ब्रेकलाइट नाही, दिवा दोन-तीनदा लुकलुकतो आणि बंद. ज्याला या दोहोंतला फरक कळत नाही त्याला 'येतो' ऐकून चहा टाकायला जाणाऱ्या माणसाइतकंच मराठी येतं असं मी म्हणेन.

इथे एक गोष्ट कबूल करतो, आणि एवढीच करतो. फाट्याजवळ हा घोळ जीवघेणा होऊ शकतो. वळणाऱ्याला साईड देणारा समजून कुणी उजवीकडून घुसला तर खेळ संपला, आणि दुचाकीवाल्याला तर दुसरी संधीही नाही. म्हणून जुने ड्रायव्हर फाट्याच्या आसपास इंडिकेटरने साईड देतच नाहीत, नुसते डावीकडे दबतात. नवख्यांना हे कळायला वेळ लागतो. दक्षिणेकडच्या काही गाड्या 'जा' म्हणायला डावा दिवा लावतात हेही खरं. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, ती दिव्याचीही बदलते. पण यावर उपाय काय? बोलीत फरक आहे म्हणून माणसांची तोंडं शिवायची, की बोली शिकायची?

चहाच्या टपरीवर एका बारा चाकीच्या ड्रायव्हरला मी हेच विचारलं होतं, की तुझ्या इंडिकेटरवर विसंबून कुणी पुढे गेला आणि ठोकला तर पाप कुणाला? तो बशीतला चहा संपवून म्हणाला, "समोर रस्ता खाली आहे, एवढंच आपन सांगतो भाऊ. जाचं का नाही, थे तुमी पाहा ना जी." इशारा म्हणजे हमी नव्हे. त्याच्या या एका वाक्यात जेवढी जबाबदारीची वाटणी आहे तेवढी मंडपातल्या तासाभराच्या भाषणात नव्हती.

आता ती 'धमकी'. समोरून डिपर मारतात, गुंडगिरी करतात! माझा एक भाचा इंग्लंडात तीन वर्षं राहून लग्नाला आला होता. गाडी तोच चालवत होता, मी शेजारी. पुढे एक अरुंद पूल. पलीकडून ट्रक आला आणि त्याने दोनदा डिपर मारला. भाच्याने हसून हात वर केला आणि गाडी पुलावर घातली. मी ओरडलो. ट्रकचे ब्रेक करकरले, आमचेही. दोन्ही गाड्यांच्या नाकात हातभर अंतर. भाचा म्हणाला, "मामा, किती उद्धट माणूस आहे! आधी बोलावतो आणि मग अंगावर येतो!"

तिकडे समोरच्याने दिवे उडवले की लोक त्याचा अर्थ 'तू आधी जा' असा घेतात. इकडे त्याचा अर्थ 'मी निघालो, तू थांब' असा आहे. आणि तिथल्या सरकारी पुस्तकात, त्या हायवे कोडमध्ये काय लिहिलं आहे? की दिवे उडवायचे ते फक्त 'मी इथे आहे' हे कळवायला, बाकी कशालाही नाही. म्हणजे पुस्तकाच्या कसोटीवर लावलं तर इंग्लंडातले सभ्य लोक चुकतात आणि नाकाडोंगरीचा ट्रकवाला बराचसा बरोबर ठरतो. 'मी इथे आहे, येतो आहे' एवढंच तर तो सांगत होता! त्याच इंग्लंडात एक ट्रक दुसऱ्याला ओलांडून गेला की मागचा दिवे उडवून कळवतो, शेपूट सुटलं, आता डावीकडे ये. पुढचा डावा-उजवा इंडिकेटर लुकलुकवून आभार मानतो. ती रीतही ट्रकवाल्यांनी आपसातच पाडली. मेक्सिकोत वाहनं उजव्या बाजूने चालतात, तर तिथले ट्रकवाले मागच्याला वाट द्यायला डावा इंडिकेटर लावतात. आपली आरशातली प्रतिमाच. तिकडच्याला 'शिष्टाचार' म्हणायचं आणि इकडच्याला 'अडाणीपणा', हा भेद दिव्यात नाही, आपल्या नजरेत आहे.

बरं, 'मी निघालो, तू थांब' हे ट्रकवाला दादागिरीने म्हणतो का? त्याच्या पाठीवर काय आहे ते बघा. तीन आसांच्या ट्रकला 2018 पासून मालासह एकूण साडेअठ्ठावीस टनांची मुभा आहे. आपली कार एक-सव्वा टनाची. आणि मँगनीजचा ट्रक तर फसवा. खनिज इतकं जड की वजनाची मर्यादा भरली तरी डाला अर्धाअधिक रिकामा दिसतो. कारवाल्याला वाटतं, खाली गाडी आहे, दाबेल ब्रेक. ती खाली नसते. चढाला मोडलेला वेग परत मिळवायला त्याला किती वेळ आणि किती डिझेल लागतं ते त्याचं त्याला माहीत. उतारावर तर त्याला ठरवूनही पटकन थांबता येत नाही. जो थांबू शकत नाही त्याने दुरूनच तसं सांगावं, यापेक्षा सभ्यपणा तो कोणता? न सांगता येऊन धडकला असता तर चाललं असतं का?

धमकी कशाला म्हणतात ते मी सांगतो. धमकी म्हणजे बाजारातून आणून बसवलेले ते पांढरेशुभ्र दिवे, जे अप्परवरून खाली येतच नाहीत. ताशी साठच्या वेगाने वाहन सेकंदाला सोळा-सतरा मीटर जातं. डोळे दिपले आणि तीन सेकंद काही दिसलं नाही, तर पन्नास मीटर माणूस आंधळा जातो. त्या पन्नास मीटरांत बैलबंडी असू शकते, सायकलवरून घरी चाललेला मजूर असू शकतो, मी असू शकतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 106 वा नियम याचसाठी आहे, की समोरच्याचे डोळे दिपू नयेत असा दिवा कायमचा खाली वळवलेला हवा किंवा ड्रायव्हरला तो खाली करता यायला हवा. हा नियम तर निखालस पुस्तकातला. तो या रस्त्यावर रोज कोण पाळतं? सतरा वर्षं मी तुमसर-नाकाडोंगरी ये-जा केली. आकडे ठेवले नाहीत, तेव्हा आकड्याने बोलत नाही. पण समोरून ट्रक आला तर त्याचे दिवे खाली जातात आणि कार आली तर मला डोळ्यांवर हात धरावा लागतो, हे माझ्या डोळ्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं आहे. ट्रकवाल्यांत अप्पर न उतरवणारे नाहीत असं नाही. त्यांना त्यांचेच भाऊबंद शिव्या घालतात. कारवाल्याला कोण घालतो? त्याला तर डिपर मारून विनंती केली तरी 'उद्धट' म्हणून आपल्यालाच ऐकून घ्यावं लागतं.

आणि विनंती तर ट्रकवाल्यांच्या पाठीवर रंगवलेली असते! 'रात्री डिपर वापरा.' मागच्याला सांगणं आहे ते. पुढे जायचं तर रात्री हॉर्न बडवू नको, दिव्याने साईड माग, कडेच्या घरांतली माणसं झोपली आहेत. वर 'हॉर्न ओके प्लीज'. 2015 साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ते लिहायला बंदी केली, हॉर्नला उत्तेजन मिळतं म्हणून. असेल. पण आपल्या रस्त्यांवर कुणी परक्याला 'प्लीज' म्हणत होतं ते तिथेच. कारच्या मागे काय लिहिलेलं असतं? आडनाव, जात, बापाचा हुद्दा, पक्षाचा झेंडा, 'प्रेस', आणि 'नाद करायचा नाय'. एक पाठ मागच्याशी बोलते, दुसरी मागच्याला दटावते. सुशिक्षित कुठली, ते वाचणाऱ्याने ठरवावं. 'डिपर' हा शब्द ट्रकवाल्यांच्या जगात किती घरचा आहे ते 2016 मध्ये टाटा मोटर्स आणि टीसीआय फाउंडेशन यांनी बरोबर ओळखलं. ट्रकचालकांसाठी त्यांनी कंडोम काढले आणि त्यांना नावच 'डिपर' दिलं. रात्री सांभाळून वागा, एवढं सांगायला दुसरा शब्द शोधावा लागला नाही.

काही जण म्हणतात, यात शिष्टाचार कसला, ते स्वतःच्या सोयीसाठी करतात. मग काय झालं? रांगेत उभं राहणंही स्वतःच्या सोयीसाठीच असतं.

आणखी एक शेरा हमखास येतो, आवाज जरा खाली आणून : या दिव्यांनीच ते एकमेकांना सांगतात, पुढे आरटीओ उभा आहे. वाळूचे टिप्पर तर रात्रभर हेच करतात. करतात. वाळूच्या धंद्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही, बावनथडी आणि वैनगंगेची पात्रं कशी खरवडली गेली ते आम्ही रोज पाहतो. पण चोर मराठी बोलतो म्हणून मराठी चोरांची भाषा ठरत नाही. पुढे झाड पडलं आहे, पुढे गाय बसली आहे, पुढे अपघात झाला आहे, हेही त्याच दिव्याने कळतं. आणि आरटीओ उभा असल्याचा डिपर सीटबेल्ट न लावलेला कारवाला किती कृतज्ञतेने घेतो, तेही मी पाहिलं आहे. तेवढा एक इशारा त्याला बरोबर समजतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात शहाणा आहे : आता हे जुनं झालं. चौपदरी रस्ते आले, दुभाजक आले, गाड्यांत कॅमेरे आले, ही खेड्यातली खुणांची भाषा आपोआप मरेल. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गावर उभं राहून असं म्हणता येईल. पण देशातले सगळे रस्ते महामार्ग नाहीत, आणि माणूस घरी जातो तो शेवटी दुपदरी रस्त्यानेच. उलट मला दिसतं ते वेगळंच. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं, भंडाऱ्याच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी भाजणाऱ्या माणसाला गारवा मिळाला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण काच बंद झाली, म्हणजे तो बाहेर येणारा उजवा हातही आत गेला. डाव्या दारातून लोंबकळून फाळक्यावर थाप मारत 'येऊ द्या, येऊ द्या' करणारा किन्नर, म्हणजे क्लीनर, तर खर्च वाचवायला कधीचाच कमी झाला. हात गेला, थाप गेली, बाहेरचा आवाज गेला. राहिला दिवा. ही भाषा मरणार नाही, उलट आता तिच्यावाचून दुसरं काही उरलेलं नाही.

तिच्यात आणखी एक गुण आहे, जो पुस्तकवाल्यांच्या ध्यानात येत नाही. नाकाडोंगरीच्या पलीकडे नदी ओलांडली की पाट्या हिंदी होतात. इथून जाणारा ड्रायव्हर बिहारचा असतो, पंजाबचा असतो, बालाघाटचा असतो. त्याला मराठी येत नाही, मला पंजाबी येत नाही. व्यावसायिक लायसनसाठी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये केंद्राने काढून टाकली, म्हणजे पाटी वाचता न येणारा माणूसही कायद्यानेच स्टिअरिंगवर बसू शकतो. अशा दोन माणसांनी, एकमेकांचं तोंड न पाहता, अंधारात, सेकंदाला तीस-तीस मीटरने जवळ येताना, एकमेकांना वाट द्यायची आहे. हे जमतं. रोज रात्री हजारदा जमतं. कुणी शिकवलं नाही, कुणी परीक्षा घेतली नाही, कुणी गुच्छ दिला नाही. उस्तादाने किन्नराला शिकवलं, किन्नर ड्रायव्हर झाला, त्याने पुढच्याला शिकवलं. रात्रीच्या रस्त्यावर जी काही माणुसकी चालू आहे ती या दिव्यांवर चालू आहे, आणि ती विझवण्याचं काम ट्रकवाले करत नसून आपण करतो आहोत, एसीत बसून, अप्पर लावून, 'हे लोक' म्हणत.

तेव्हा पाहुण्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या जानेवारीत मंडप घाला, फलक लावा, पोरांनाही फिरवा. पण माइक एखाद्या बारा चाकीच्या ड्रायव्हरच्या हातात द्या. त्याला अर्धा तास बोलू द्या : साईड कशी मागायची, कशी द्यायची, कड कशी दाखवायची, कुठे इंडिकेटर द्यायचाच नाही. मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना पहिल्या रांगेत बसवा आणि वही-पेन आणायला सांगा. तुम्हीही बसा. सत्कार त्याचा करा, गुच्छ त्याला द्या. आणि कार्यक्रम संपवून अंधार पडल्यावर तुमसरकडे निघाल तेव्हा स्टिअरिंगजवळची ती दांडी एकदा चाचपून बघा. समोरून मँगनीज येत असेल, कडेने मी जात असेन. अप्पर खाली घ्या.